बाजार ओसरले ते ऑनलाइनच्या आधीच

संपादक महोदय,

मोठ्या शहरांतले इलेक्ट्रॉनिक्सचे बाजार ऑनलाइन खरेदीने बुडवले, असा सूर आपल्या पुरवणीतल्या लेखात दिसला. तीसेक वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत काढल्यामुळे मला तो अर्धाच पटला.

हे बाजार मुळात सुट्या भागांवर उभे राहिले. न्यूयॉर्कचा ‘रेडिओ रो’ १९२०च्या दशकात भरू लागला, तो घरी रेडिओ जुळवणाऱ्या हौशी लोकांच्या जिवावर. (तो मंदीने नाही गेला, वर्ल्ड ट्रेड सेंटरसाठी जागा हवी म्हणून १९६६मध्ये पाडला.) टोकियोच्या अकिहाबारात युद्धानंतर रस्त्यावर रेडिओचे भाग विकले जात. १९४९मध्ये ठेले हटवायचा हुकूम निघाला, तेव्हा ही मंडळी रेल्वेपुलाखालच्या गाळ्यांत शिरली. गाळे इतके चिंचोळे, की विक्रेत्याचा हात बसल्या जागेवरून सगळ्या खणांना पोचावा.

टीव्ही बंद पडला की आम्ही मागचं झाकण काढायचो. बऱ्याचदा एखादा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) डोकं फुगवून बसलेला असे. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, म्हणजे तेवढ्याच क्षमतेचा, दुसरा लावला की चित्र परत. तो आणायला बाजारात जावंच लागे आणि काउंटरवरचा माणूस विचारी, “व्होल्ट किती? कमीचा लावू नका, पुन्हा उडेल.” हा सल्ला फुकट असे!

पुढे भाग मोहरीएवढे झाले, बॅटऱ्या डिंकाने चिकटल्या. दुरुस्ती म्हणजे अख्खा सर्किट बोर्ड बदलणं, आणि बोर्ड कंपनीकडेच. नेमाने येणारं गिऱ्हाईक तिथेच तुटलं. उरला तयार माल. तो सगळीकडे एकच. मग भाव ताडून पाहणारा फोन खिशात आल्यावर दुकानदाराच्या हातात काय राहिलं? त्यात माणूस बघून भाव सांगायची खोड. सोलचा योंगसान बाजार त्यापायीच बदनाम झाला. दुकानदारांची ही चूक आपल्या लेखात आलीच नाही.

चीनमधल्या शेन्झेनचा हुआचियांगबेई बाजार मात्र टिकून आहे. भोवती कारखाने आहेत, भाग रिळाच्या रिळाने उचलले जातात. म्हणजे सुट्या भागांना गिऱ्हाईक असेल, तर ऑनलाइनच्या काळातही बाजार चालतो.

युरोपीय संघाने २०२४मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्यात ठरावीक वस्तूंचे सुटे भाग वाजवी किमतीत देण्याची अट आहे. त्यावर एखादा लेख जरूर छापावा. भाग मिळतीलही, “व्होल्ट किती?” विचारणारा माणूस कुठून आणायचा, तेही त्यात यावं. अकिहाबारातलं सुट्या भागांच्या गाळ्यांचं ‘रेडिओ स्टोअर’ २०१३मध्येच बंद झालं.

— एक निवृत्त टीव्ही मेकॅनिक