ताई, तुम्ही माझ्या पोराच्या हातात केळं दिलंत

ताई, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी जळगावला तुम्ही आम्हाला पोराचा डायबेटिस सांभाळायला शिकवलंत, पण तुमच्यासमोर तोंडातून शब्द फुटला नाही. जळगावहून रावेरपर्यंत बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. म्हणून आता लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय, कारण आमच्यासारखी घरं आणखीही असतील.

मे महिना होता. नऊ वर्षांचं पोर तांब्यावर तांबे पाणी पीत होतं, अंथरूण ओलं करू लागलं होतं, चड्डी कमरेवर थांबत नव्हती. ज्या डॉक्टरांकडे नेलं ते म्हणाले, "ऊन लागलंय, जंतही असतील." टॉनिक लिहून दिलं. हिने सांगून पाहिलं की मोरीत तो लघवीला बसतो तिथे मुंग्या लागतात. ते हसले. बोट टोचून साखर बघायला एक मिनिट लागतं हो! चार दिवसांनी उलट्या, पोटात कळा, धापा आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास. टाइप 1 डायबेटिस हे नाव आम्ही आयसीयूच्या दारात पहिल्यांदा ऐकलं.

घरी आलो तो एक कागद घेऊन. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, केळी बंद. आमच्या घरात केळी बंद! दाराशी घड, शेतात बाग, आणि पोराने नुसतं बघायचं. एकदा कोठीत लपून खाताना सापडला. आजीने हातातून केळं हिसकावलं आणि मग दोघंही रडत बसले. वर पाहुण्यांचे सल्ले वेगळेच. एकाने तर इन्सुलिन सोडून काढा सुरू करा म्हटलं. ऐकलं असतं तर आज हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

तुम्ही काय केलंत? दुपारची वेळ होती. डब्याच्या पिशवीतून स्वतःचं केळं काढलंत, सोललंत आणि टेबलावरच्या छोट्या वजनकाट्यावर ठेवलंत. आकडा त्यालाच वाचायला लावलात. 100 ग्रॅमला साधारण 23 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे रक्तातली साखर वाढवणारा भाग, मग अर्ध्यात किती? त्याने बोटांवर गणित केलं. तेवढं जेवणाच्या इन्सुलिनच्या डोसात धरून इंजेक्शन झालं, आणि जेवणासोबत अर्धं तुम्ही खाल्लंत, अर्धं त्याने. आजीकडे बघून म्हणालात, "केळीवाल्याच्या नातवाने केळं खायचं नाही तर कोणी खायचं?" इतक्या महिन्यांत पोर पहिल्यांदा पोटभर हसलं.

गोड खाऊन हा आजार होत नाही, शरीरच स्वतःच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, हेही तिथेच समजलं. तोवर हिने मनातल्या मनात किती वेळा स्वतःला दोष दिला असेल, देव जाणे.

हे शिकलात कुठे, असं विचारलं तेव्हा तुम्ही इंडियन सोसायटी फॉर पीडियाट्रिक अँड अडोलेसंट एंडोक्रायनॉलॉजीचं नाव घेतलंत. घरी येऊन दोनदा म्हणून पाहिलं, जीभ वळेना. आमच्याकडे संघटना म्हणजे केळीच्या भावासाठी रास्ता रोको. डॉक्टरांची संघटना म्हणजे हार, शाली आणि फोटो, एवढीच माझी समजूत. मुलांच्या थायरॉइडपासून डायबेटिसपर्यंत हार्मोनच्या आजारांत काय करायचं याचे नियम ही मंडळी एकत्र बसून ठरवतात, आणि डॉक्टरांवर न थांबता डायबेटिस एज्युकेटर, म्हणजे घरच्यांना हा आजार सांभाळायला शिकवणारी तुमच्यासारखी माणसंही तयार करतात, हे तुमच्याकडून कळलं. बरं झालं. डॉक्टरांकडे आमच्यासाठी दहा मिनिटं होती, तुमच्याकडे अख्खी दुपार होती. त्या मंडळींपर्यंत आमचा नमस्कार पोचवा. आणि जमलं तर त्यांना सांगा, टाइप 1 ची लक्षणं एका कागदावर छापून तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर लावा. मुंग्यांचं हसू तरी थांबेल.

तुम्ही सांगितलेला दुहेरी माठही केलाय. मोठ्या माठात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, मडक्यात डबीत इन्सुलिन. रावेरच्या उन्हात लाइट गेली की इन्सुलिन तापून खराब होईल म्हणून पूर्वी जीव उडायचा. आता वाळूवर पाणी शिंपडायचं काम आजीने स्वतःकडे घेतलंय, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

पुढच्या तारखेला बागेतली एक फणी घेऊन येतोय. नाही म्हणायचं नाही. पोराने निरोप दिलाय, काटा तयार ठेवा, या वेळी वजन तो अंदाजाने सांगणार आहे.