विज्ञान प्रदर्शन : विषय शनिवारपर्यंत द्या

विज्ञान मंडळातील सर्व विद्यार्थ्यांना सूचना. प्रत्येक गटाने आपला विषय शनिवारपर्यंत एका प्रश्नाच्या रूपात लिहून द्यावा. ‘ज्वालामुखीची प्रतिकृती’ घेतली जाणार नाही. त्यात मोजण्यासारखं काही नसतं. ‘पाण्यातलं मीठ वाढलं की मटकीला मोड कमी येतात का?’ हा प्रश्न उत्तम. एकच गोष्ट बदलते, बाकी सगळं तेच राहतं.

हा प्रयोग घेणाऱ्यांनी लिटरमागे ०, २, ४, ८ आणि १६ ग्रॅम मीठ अशी पाच पाणी तयार करावीत. मीठ वजनकाट्यावरच मोजा, चमच्याने नको. प्रत्येक पाण्यासाठी तीन ताटल्या, ताटलीत टिपकागदाचे दोन थर आणि २० दाणे. म्हणजे ३०० दाणे, सगळे एकाच पुड्यातले. मटकीत गणंग (न भिजणारे कडक दाणे) निघतातच, म्हणून तीन-तीन ताटल्या.

कागद ओला हवा, पण दाणे बुडता कामा नयेत. हवा न मिळाल्याने ते कुजतात आणि दोष मिठावर जातो. ताटल्या झाकून ठेवा. उघड्या राहिल्या तर पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि खारटपणा वाढतो. कागद सुकायला लागला तर साधं पाणी शिंपडा, मिठाचं नाही.

रोज ठरलेल्या वेळी मोजा. मोड २ मिलिमीटर बाहेर आला तरच दाणा धरा. बुरशीने एखादी फेरी वाया जाऊ शकते, तेव्हा दोन आठवडे हाताशी ठेवा. नोंदींची मूळ वहीच आणा, खाडाखोड असली तरी चालेल.