दुखणारे पुरळ म्हणजे पित्त नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या मेहुण्यांना फिटसाठी कार्बामाझेपीन सुरू होऊन १६ दिवस झाले असताना ताप आला, डोळे चुरचुरू लागले आणि छातीवर लाल चट्टे उठले. दवाखान्यात पित्ताची गोळी मिळाली. फिटची गोळी मात्र चालूच राहिली, कारण ‘औषध सोसत नसते तर पहिल्याच दिवशी कळले असते’ असे सगळ्यांनाच वाटत होते. तिसऱ्या दिवशी ओठांवर फोड आले आणि सकाळी उशीच्या अभ्र्याला मानेची साल चिकटलेली दिसली.

हा स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे बहुधा औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेमुळे कातडी सोलवटून सुटण्याचा आजार होता. तो बहुधा औषध सुरू केल्यावर ४ दिवस ते ४ आठवड्यांत दिसतो, आणि फिटच्या काही औषधांप्रमाणेच सल्फा गटातली जंतुविरोधी औषधे किंवा युरिक ॲसिडसाठीच्या ॲलोप्युरिनॉलनेही होऊ शकतो. पित्ताच्या गांधी खाजतात आणि काही तासांत जागा बदलतात. इथे कातडी हुळहुळते, दुखते आणि तोंड, डोळे, गुप्तांगही सोलवटतात.

उपचारातली पहिली गोष्ट म्हणजे कारणीभूत औषध ताबडतोब बंद करणे. फिटची गोळी एकाएकी सोडणेही धोक्याचे असल्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. शिवाय बदली म्हणून फेनिटॉइन किंवा फेनोबार्बिटोन दिल्यास तेच पुन्हा घडू शकते. पुढची शुश्रूषा भाजलेल्या रुग्णासारखी असते: उबदार खोली, मोजून दिलेले द्रव, न चिकटणारी ड्रेसिंग आणि नेत्रतज्ज्ञांची रोजची तपासणी. स्टेरॉइड द्यावे की सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध), यावर तज्ज्ञांचे एकमत नाही; नातेवाइकांनी मात्र स्टेरॉइडसाठीच हट्ट धरला होता, त्यात मीही होतो. शरीराची १० टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर निभावण्याची आशा चांगली असते. ३० टक्क्यांच्या वर गेल्यास सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावतात.

मेहुणे वाचले. पण घरी सोडताना त्यांच्या कागदावर ‘औषधाची ॲलर्जी’ एवढेच लिहिले होते. एकच औषध अनेक ब्रँडनावांनी विकले जात असताना या नोंदीचा पुढच्या डॉक्टरांना काय उपयोग? रुग्णालयांनी औषधाचे मूळ नाव आणि टाळायच्या औषधांची नावे ठळक अक्षरांत लिहून द्यावीत. आम्ही ते कागद परत नेऊन लिहून घेतले, तेही तीन खेपा घातल्यावर.

आपला,
एक वाचक