आधी उष्णतेची वाट, मग ल्यूमेन

महोदय,

घरच्या छोट्या लेथवर जास्त शक्तीची विजेरी बनवणाऱ्यांचे कौतुक होते तेव्हा दोनच गोष्टी दाखवल्या जातात : बाहेरचे चकचकीत अंग आणि ल्यूमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा. (विजेरी हा शब्द मुद्दाम वापरतो. आपण टॉर्चलाही बॅटरी म्हणतो आणि आतल्या सेललाही. या पत्रात तो घोळ परवडणार नाही.) विजेरी टिकणार की नाही हे मात्र आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या कामावर ठरते.

हिशेब साधा आहे. एलईडीला ३० वॅट दिले तर त्यांतले साधारण २० वॅट उष्णता होऊन बाहेर पडतात. ॲल्युमिनियमच्या अंगाचे वजन २०० ग्रॅम धरले तर ते एक अंशाने तापायला १८० ज्यूल लागतात, म्हणजे नऊ सेकंद. हवेत जाणारी उष्णता सोडून दिली तर ३० अंशांवरून ६० वर जायला साडेचार मिनिटे पुरतात. आणि मुठीत मावेल एवढी विजेरी स्थिर हवेत त्या तापमानाला जेमतेम चार-पाच वॅट बाहेर टाकते. पूर्ण उजेड सलग अर्धा तास मिळेल, असा दावा कुणी केला तर तो इथेच कोसळतो. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटमध्ये, तापमान पाहून करंट उतरवण्याची सोय हवीच. बाहेरच्या खाचांनी, म्हणजे फिन्सनी, फार फरक पडत नाही. दीड-दोन मिलिमीटर रुंदीच्या खाचेत हवा फिरत नाही, उलट तेवढी धातू मात्र कमी होते. शोभेसाठी पाडायच्या तर खुशाल पाडाव्यात.

धातूही दिसण्यावरून निवडू नये. ६०६१ ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे १६७ वॅट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची ३९० च्या आसपास, ३०४ स्टेनलेसची १६ आणि हौशी मंडळींच्या लाडक्या ग्रेड ५ टायटॅनियमची अवघी ७. टायटॅनियमचे अंग थंड लागते म्हणून खूश होणाऱ्याची एलईडी आत भाजत असते.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे हेडमधला (विजेरीच्या पुढच्या भागातला) पडदा, ज्यावर एलईडीची तांब्याची चकती बसते. तो वेगळा दाबून किंवा आट्यांनी बसवण्यापेक्षा हेडच्याच धातूत अखंड ठेवावा, जाडी किमान ५ मिमी. फेसिंग करताना, म्हणजे तोंड सपाट कापताना, टूल सेंटरच्या रेषेपेक्षा किंचित खाली असले की मधोमध बारीक बोंड उरते. डोळ्याला ते दिसतही नाही. नखाने चाचपले तर लागते. चकती त्या बोंडावर टेकते आणि बाकी सगळीकडे अंतर राहते. चकतीचा व्यास २० मिमी आणि चकतीखालच्या उष्णतावाहक पेस्टची वाहकता १ धरली, तर ०.०३ मिमीच्या थरात २० वॅटला तापमानात सुमारे २ अंशांचा फरक पडतो, ०.२ मिमीच्या थरात १३ अंशांचा. म्हणून टूल आधी अचूक सेंटरला आणावे, मग सपाट टोकाच्या दांड्यावर पॉलिश पेपर चिकटवून पडदा ४००, ८०० आणि १२०० नंबरने घासावा. पेस्ट जास्त लावून खड्डा भरून काढता येत नाही. वायरींसाठीच्या दोन भोकांची धार मोडायला विसरू नये. तिथेच आवरण कापले जाऊन शॉर्ट होतो.

सेल बसतो त्या नळीचे काम आतून सुरू करावे. (सेलच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे म्हणजे मिमीमध्ये जाडी, पुढचे दोन लांबी.) २१७०० सेलसाठी २२ मिमी, १८६५० साठी १९ मिमी भोक ठीक. संरक्षक सर्किट असलेला १८६५० सेल ६५ नव्हे, ७० मिमीपर्यंत लांब भरतो, हे आधीच धरावे. भोक आतून मोठे करणारा स्टीलचा बोअरिंग बार स्वतःच्या जाडीच्या चौपटीपेक्षा जास्त बाहेर काढला की थरथरतो आणि भोकात लाटा उठतात. त्यामुळे ७५ मिमीची नळी टप्प्याटप्प्याने २० मिमीपर्यंत ड्रिल करून दोन्ही बाजूंनी निम्मी-निम्मी बोअर करावी. उलटून धरताना तीन जॉच्या चकमध्ये (पकडीत) मध्य थोडा सरकतोच, म्हणून बाहेरचे टर्निंग शेवटी, भोकात घट्ट बसणाऱ्या मँड्रेलवर (दांड्यावर) करावे. नर्लिंगही, म्हणजे पकडीसाठी खरखरीत नक्षी उमटवण्याचे कामही, मँड्रेल आत असतानाच करावे, तेही दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या नर्लरने. एका बाजूने दाबणाऱ्या नर्लरने पातळ नळी चेपते आणि छोट्या लेथचा स्पिंडलही ताणला जातो. ३० मिमी व्यासाला ९०० आरपीएम म्हणजे मिनिटाला ८५ मीटर, हा वेग ॲल्युमिनियमला मानवतो. टूलला धातू चिकटू लागली तर रॉकेलचे दोन थेंब पुरतात.

आटे १ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतराचे. आधी आतले पाडावेत, मग बाहेरचे त्यांना जुळवत न्यावेत, कारण बाहेरच्या आट्यावरून हलका कट घेणे सोपे जाते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आट्याची खोली मोजतात आणि पाणी अडवणाऱ्या रबरी ओ-रिंगची खाच विसरतात. १.५ मिमीच्या ओ-रिंगला १.२ मिमी खोल खाच लागते. नळीचा व्यास २६ मिमी असेल तर खाचेच्या तळाशी २३.६ उरतो आणि आत २२ चे भोक, म्हणजे भिंत फक्त ०.८ मिमी. नळी पडली की तिथेच तडकते. व्यास २७ ठेवला तर भिंत १.३ होते.

विजेचेही तसेच. एका सेलमधून ३० वॅट काढायचे तर ३.५ व्होल्टला साडेआठ अँपिअरच्या वर करंट लागतो. टेलकॅपच्या (मागच्या झाकणाच्या) स्प्रिंगचा रोध ०.०५ ओहम असेल तर साडेतीन वॅट तिथेच जळतात आणि स्प्रिंग मऊ पडते. स्प्रिंगला समांतर लवचीक तांब्याची वायर डाख देऊन जोडावी. करंट आट्यांवर सोडू नये, नळीच्या सपाट आणि ॲनोडाइझ न केलेल्या (ऑक्साइडचा थर न चढवलेल्या) तोंडावरून न्यावा. सेल सलग १० अँपिअर देण्याच्या क्षमतेचा हवा, वेष्टन फाटलेला नको. दोन असमान सेल एकामागे एक घातले तर अशक्त सेल आधी रिकामा होतो आणि पुढे उलटा चार्ज होऊ लागतो. बंद नळीत तो फुटला तर ती नळी बॉम्बच.

पहिली चाचणी सेलवर नको, करंटला मर्यादा घालता येणाऱ्या पॉवर सप्लायवर घ्यावी. एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तांब्याच्या चकतीवर, दुसरा हेडच्या बाहेर लावावा. पूर्ण शक्तीला दोघांत १० अंशांहून जास्त फरक दिसला तर विजेरी पुन्हा उघडावी. बहुतेकदा चकतीखाली, पेस्टच्या मधोमध, एक कोरडा चकचकीत ठिपका सापडतो.

– एक वाचक