बिघाडाचे फोटो कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठ आणि परिसरातले उद्योग सामंजस्य करार करून सौर पॅनेलमधले दोष फोटोवरून ओळखणारी प्रणाली तयार करणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. मी सौर प्रकल्पांच्या देखभालीचं काम करते. ड्रोनने काढलेल्या थर्मल, म्हणजे उष्णता दाखवणाऱ्या, फोटोंवरून दोषांची यादी येते आणि ती यादी घेऊन उन्हात पॅनेलच्या रांगांमधून फिरतात ती आमची माणसं. त्यामुळे बातमी वाचून बरं वाटलं. पण सामंजस्य कराराबद्दलच्या एवढ्या मजकुरात एक गोष्ट कुठेच सापडली नाही. बिघडलेल्या पॅनेलचे फोटो देणार कोण? आणि फोटोत दिसणारा दोष खरोखर आहे की नाही, हे जागेवर जाऊन कोण बघणार?

थर्मल फोटो फसवतो. यादीत ‘हॉटस्पॉट’, म्हणजे जास्त तापलेली जागा, म्हणून आलेल्या ठिकाणी पुष्कळदा पक्ष्यांची विष्ठा असते, खालच्या कडेशी वाढलेल्या गवताची सावली असते. कधी काहीच नसतं, काचेत नुसतं सूर्याचं प्रतिबिंब आलेलं असतं. पॅनेलचा बरोबर एक तृतीयांश पट्टा तापलेला दिसला, तर मात्र आम्ही आधी जंक्शन बॉक्स, म्हणजे पॅनेलमागची तारा जोडण्याची पेटी, बघतो. नेहमीच्या पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे सुटे भाग, असतात आणि एकेकाच्या वाट्याला एक तृतीयांश सेल, म्हणजे पॅनेलमधले वीज तयार करणारे छोटे तुकडे, येतात. त्यातला एक शॉर्ट झाला की तेवढा भाग वीज देणं थांबवतो आणि ती ऊर्जा उष्णता होऊन तिथेच राहते. संगणकाला हे शिकवता येईल, अवघड नाही. पण त्याआधी कुणीतरी मीटर लावून तो डायोड तपासायला हवा आणि ‘हो, हाच गेला होता’ असं त्या फोटोपुढे लिहून ठेवायला हवं. आमच्या क्षेत्रात नेमकी ही नोंद राहत नाही. पॅनेल बदललं, काम झालं, कागद फाइलला.

फोटो कोणत्या परिस्थितीत काढला, हाही प्रश्न आहेच. उघड्यावरच्या थर्मल तपासणीसाठी २०१७ साली आलेल्या ‘आयईसी ६२४४६-३’ या आंतरराष्ट्रीय तांत्रिक निर्देशानुसार पॅनेलवर प्रति चौरस मीटर किमान ६०० वॉट ऊन हवं. ऊन कमी असेल तर सदोष सेल आणि चांगला सेल यांच्या तापमानातला फरक पुसट होतो. फोटोसोबत उन्हाचं मोजमाप नसेल, तर उत्तम अल्गोरिदमलाही त्या फोटोचा अर्थ लावता येणार नाही. ड्रोन उडवणाऱ्याला मात्र दिवसभरात क्षेत्र संपवायचं असतं.

विद्यापीठांना कमी लेखण्यासाठी हे लिहीत नाही. या तपासणीची साधनं मुळात विद्यापीठांतूनच आली आहेत. अंधारात पॅनेललाच बाहेरून वीज दिली, तर सिलिकॉनचे सेल डोळ्यांना न दिसणारा, ११५० नॅनोमीटरच्या आसपासचा मंद अवरक्त प्रकाश सोडतात. भेगेमुळे वेगळा पडलेला तुकडा तेवढा काळा राहतो, एक्स-रेमधल्या मोडक्या हाडासारखा स्पष्ट. सौर सेल असे तपासण्याची ही पद्धत जपानमधल्या नारा इथल्या संशोधकांनी २००५ साली मांडली. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात तारा न जोडता, नुसत्या प्रकाशाने वेफर, म्हणजे ज्यांपासून सेल बनतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या, तपासण्याचं काम झालं. त्यातून बीटी इमेजिंग ही कंपनी निघाली आणि तिची यंत्रं कारखान्यांत पोचली. संशोधकांच्या हाती खरे वेफर, खरे सेल होते, म्हणून ते जमलं.

आपल्याकडचे विद्यार्थी बहुतेकदा जर्मनीतल्या संशोधकांनी खुला केलेला एक संच वापरतात. ४४ पॅनेलमधल्या २,६२४ सेलचे फोटो, प्रत्येक ३०० बाय ३०० पिक्सेलचा. संच चांगला आहे. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तज्ज्ञाला दोषाबद्दल खात्री आहे की नुसता संशय आहे, हेही त्यात नोंदवलं आहे. असा प्रामाणिकपणा आमच्या तपासणी अहवालांत क्वचितच दिसतो! पण ते सगळे जुन्या पद्धतीचे अखंड सेल आहेत. आज बसतात ती पॅनेलं अर्ध्या कापलेल्या सेलची, बारीक बारीक अनेक बसबारची (सेलवरच्या वीज गोळा करणाऱ्या पट्ट्यांची), दोन्ही बाजूंनी काच असलेली. त्या संचावर तयार झालेला प्रबंध छापून येईल, विद्यार्थ्याला पदवीही मिळेल, पण आमच्या रांगेत त्याचा किती उपयोग होईल याची मला शंका आहे.

‘अचूकता’ या शब्दाने तर कुणीही हुरळून जाऊ नये. हजार पॅनेलमधली पाच बिघडलेली असली आणि प्रणालीने डोळे मिटून सगळ्यांना ‘ठीक’ म्हटलं, तरी तिची अचूकता ९९.५ टक्के भरते. मला विचारायचं ते एवढंच, की त्या पाचांपैकी किती सापडली आणि किती चांगल्या पॅनेलसाठी माझा माणूस उगाच पायपीट करून आला. शिवाय भेग दिसली म्हणजे पॅनेल काढायचंच, असं नसतं. भेगेपलीकडचा तुकडा अजून जोडलेला असेल तर ते वर्षानुवर्षं जवळजवळ पूर्ण वीज देऊ शकतं. म्हणून फोटोबरोबर त्याच पॅनेलचा आयव्ही कर्व्ह, म्हणजे कोणत्या व्होल्टेजला किती करंट मिळतो याचा आलेख, हाही द्यावा, म्हणजे ‘भेग आहे’ यापुढे जाऊन ‘बदला’ किंवा ‘राहू द्या’ असं उत्तर निघेल.

आता उद्योगांबद्दल. एका प्रकल्पाकडे विद्यार्थ्यांनी सदोष पॅनेलचे फोटो मागितले होते. गोपनीयतेचं कारण सांगून नकार आला; चांगल्या पॅनेलचे मात्र हवे तेवढे मिळाले. भीती समजते. फोटो म्हणजे पुरावा, आणि वॉरंटीचे वाद कुणाला नको असतात. पण अनुक्रमांक पुसता येतो, फाइलमधली जागेची नोंद काढून टाकता येते, निर्मात्याचं नाव झाकता येतं. हे सगळं करारातच लिहिलं, तर नकाराला जागा उरत नाही. आणि चाचणी नेहमी अशा प्रकल्पावर व्हावी, ज्याचा एकही फोटो प्रणालीने शिकताना पाहिलेला नाही.

एक सोपी सुरुवात सुचवते. बदलून काढलेली पॅनेलं भंगारात जाईपर्यंत कोपऱ्यात पडून असतात. मालकांच्या परवानगीने ती आधी विद्यापीठाकडे जाऊ द्यावीत. तिथे अंधाऱ्या खोलीत फोटो काढावेत, कर्व्ह घ्यावा, जंक्शन बॉक्स उघडून बघावा, आणि प्रत्येक पॅनेल का काढलं होतं ते आमच्या तंत्रज्ञांना विचारून लिहावं. त्यांना ते आठवतं; फक्त आजवर कुणी विचारलेलं नाही.

आपली,
सौर प्रकल्प देखभाल क्षेत्रातील एक अभियंता