सीपीएचटीचे नूतनीकरण : अनिकेतस पत्र

एडिसन, न्यू जर्सी
दि. ८ जून

प्रिय अनिकेत,

सप्रेम नमस्कार.

फार्म.डी.ला, म्हणजे फार्मासिस्ट होण्यासाठीच्या येथील पदवीला, प्रवेश मिळाल्याचे तुझे पत्र वाचून अतिशय आनंद झाला. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्या परदेशी पदवीधराचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा नसेल तर त्याला अमेरिकेत फार्मासिस्ट होऊ पाहणाऱ्या परदेशी पदवीधरांसाठीच्या एफपीजीईई परीक्षेला बसता येत नाही, त्यामुळे आपली चार वर्षांची बी.फार्म. येथे अपुरी पडते, हे कळल्यावर तू कुरकुर न करता काउंटरमागे टेक्निशियन म्हणून उभा राहिलास आणि तेथूनच पुढची वाट काढलीस, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणार आणि सप्टेंबरअखेर सीपीएचटीची, म्हणजे तुझ्या टेक्निशियनच्या प्रमाणपत्राची, मुदत संपणार, तर विद्यार्थी झाल्यावर त्याचे नूतनीकरण कशासाठी, असे तू विचारतोस. माझे मत असे की या वेळी ते अवश्य कर. दोन वर्षांनी पुन्हा वेळ येईल तेव्हा खुशाल सोडून दे.

तुझ्या पत्रावरून वाटते की तू तीन निरनिराळे कागद एकच धरून चालला आहेस. उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला एकच समजून तहसील कचेरीत जावे, तसे ते होईल. पीटीसीबी या टेक्निशियनांना प्रमाणित करणाऱ्या मंडळाचे प्रमाणपत्र, म्हणजेच सीपीएचटी, देशपातळीवरचे आहे. टेक्निशियनची नोंदणी तुझ्या राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे असते आणि तिची मुदत व शुल्क वेगळे असते. इंटर्नचा, म्हणजे शिकाऊ फार्मासिस्टचा, परवानाही बोर्डच देते, पण त्यासाठी महाविद्यालयाने तुझा प्रवेश कळवावा लागतो. तो परवाना हाती आला की फार्मासिस्टच्या देखरेखीखाली रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे, यांसारखी टेक्निशियनला न करता येणारी कामे तुला करता येतील आणि सीपीएचटीचे महत्त्व आपोआप कमी होईल. परंतु तो येईपर्यंत पगार टेक्निशियनचाच मिळणार आहे, आणि तुझ्या मालकाने प्रमाणपत्राची अट घातली असेल तर मधल्या काळात ते संपणे परवडणारे नाही. शिवाय इंटर्नचा परवाना शिक्षणाशी बांधलेला असतो. देव न करो, पण घरच्या अडचणीमुळे एखादे वर्ष शिक्षण थांबवावे लागले, तर तोही राहणार नाही. त्या वेळी सीपीएचटीची ९० प्रश्नांची परीक्षा नव्याने द्यायची, तिचे शुल्क पुन्हा भरायचे, यापेक्षा आज नूतनीकरणाचे थोडे पैसे भरणे केव्हाही बरे.

नूतनीकरणासाठी लागणाऱ्या सीई (निरंतर शिक्षण) तासांचे मात्र नीट बघ. एकूण २० तास लागतात. त्यांपैकी एक तास औषधविषयक कायद्याचा आणि एक तास रुग्णसुरक्षेचा असायलाच हवा. एसीपीई या फार्मसी शिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे नोंदलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला लांबलचक क्रमांक असतो, त्याच्या शेवटी ‘टी’ हे अक्षर असेल तरच तो टेक्निशियनसाठी आहे असे समज. ‘पी’ असेल तर तो फार्मासिस्टसाठी. त्या अक्षराच्या आधीच्या अंकांवरून विषय कळतो : ०३ म्हणजे कायदा, ०५ म्हणजे रुग्णसुरक्षा. तुझे फार्मासिस्ट साहेब प्रेमाने सुचवतील ते कार्यक्रम बहुधा ‘पी’चे असतील. ज्ञान म्हणून ते अवश्य ऐक, पण हिशेबात धरू नकोस. कार्यक्रम करताना एनएबीपी या फार्मसी बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेचा ई-प्रोफाइल क्रमांक आणि जन्मतारीख अचूक भर, म्हणजे तास सीपीई मॉनिटर या तिच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदले जातील. तरीही प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत स्वतःजवळ ठेव, कारण काही अर्जांची पडताळणी होते.

हे सारे जुलैतच उरकून टाक. एकदा वर्ग सुरू झाले की औषधरसायन आणि शरीरक्रियाशास्त्र तुला डोके वर काढू देणार नाहीत; शिवाय अंतिम वर्षाआधी आयपीपीईचे, म्हणजे फार्मसीतील प्राथमिक प्रत्यक्ष अनुभवाचे, किमान ३०० तास पुरे करायचे असतात.

बोर्डाच्या नोंदणीची मुदत कधी संपते आणि इंटर्नच्या अर्जाला महाविद्यालयाचे कोणते पत्र लागते, हे दोन्ही विचारून मला कळव. मग तारखा लावून देतो.

वहिनींना नमस्कार, चि. ओवीला आशीर्वाद.

तुझा,
सुहास