गरम पाण्याचा नकाशा कोण काढतो?

महोदय,

इंग्लंडात नोकरी करून इथे घर बांधणारे आपले लोक हल्ली हमखास विचारतात, "आमच्याकडे तिथे कंडेन्सिंग बॉयलर आहे, गॅस फार कमी जाळतो. तसलाच इथे बसवाल का?" पाइपचा गॅस दारापर्यंत आला की हा प्रश्न जास्तच येतो. स्विंडनला काही वर्षे हेच बॉयलर बसवून मी आता म्हापशात प्लंबिंगची कामे घेतो, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तर देतो.

हा बॉयलर गॅसवर पाणी तापवून ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून, म्हणजे भिंतीवरच्या पोकळ पत्र्यांतून, फिरवतो आणि घर उबदार ठेवतो. त्याची सगळी करामत गॅस जळून निघणाऱ्या धुरातल्या वाफेत आहे. ती बाहेर न सोडता तिचे पाणी करायचे आणि त्यातली उष्णता काढून घ्यायची. पण घरभर रेडिएटरमधून फिरून परतणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल, तरच हे जमते. रिटर्न गरमच आला, तर महागडे यंत्र जवळजवळ साध्या बॉयलरइतकाच गॅस पिते. म्हणून जाणता फिटर बॉयलरच्या डब्यापेक्षा नळांवर, म्हणजे पाइपांवर, जास्त वेळ घालवतो. वाफेचे झालेले पाणी आम्लधर्मी असते. ते तांब्याच्या नव्हे, प्लास्टिकच्या नळाने सोडायचे आणि मीटरला ४५ मिलिमीटर उतार द्यायचा. हा नळ बारीक ठेवून घराबाहेरून नेला, की हिवाळ्यात त्यात बर्फ होतो आणि बॉयलर बंद पडतो. ऐन थंडीत पहाटे लोकांचे फोन यायचे. जाऊन बघावे तर यंत्र ठणठणीत! नळावर कोमट पाणी ओतले की काम झाले.

गोव्यात घर तापवायचे नाही. अंघोळीपुरते पाणी हवे, त्याला सोलर पुरे, पावसाळ्यात जोडीला वीज. हा बॉयलर इथे नकोच. नळांची शिस्त मात्र तिथून जरूर घ्यावी, कारण आपल्याकडे तिचाच दुष्काळ आहे.

बार्देशातल्या एका नव्या बंगल्याचे उदाहरण देतो. सोलरची टाकी स्वयंपाकघरावर, न्हाणीघर दुसऱ्या टोकाला, मध्ये वीस मीटर एक इंची पाइप. एवढ्या पाइपात जवळजवळ दहा लिटर पाणी मावते. म्हणजे गरम धार येण्याआधी अर्धी बादली गटारात, आणि अंघोळ उरकली की तेवढेच तापलेले पाणी भिंतीत निवत पडणार. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या घरात हे चालते! पाइप अर्ध्या इंचाचा केला तर पाणी कमी साठते, पण गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर धार बारीक होते. तेव्हा टाकीच न्हाणीघराच्या डोक्यावर आणावी. जुन्या घरात भाण, म्हणजे पाणी तापवायचे मोठे भांडे, न्हाणीतच चुलीवर असायचे, तांब्या बुडवला की अंगावर पाणी.

दुसरी खोड कौलारू घरांतली. गरम लाइन आढ्यावरून चढवून पलीकडे उतरवतात. उंचवट्यावर हवा अडकते, धार तुटक येते, आणि शिव्या सोलरवाल्याला. थंड पाण्याची टाकी गरम टाकीपेक्षा वर हवी आणि गरम टाकीचा एअर व्हेंट, म्हणजे हवा आणि वाफ बाहेर पडायचा उघडा नळ, थंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीहून उंच हवा. व्हेंट तेवढा उंच नसला की त्यातून पाणी वाहत राहते. मग कुणीतरी 'गळती थांबवली' म्हणून त्याला टोपण ठोकतो. हे तर धोक्याचे! स्वस्त पडतो म्हणून गरम लाइनला थंड पाण्याचा साधा पाइप टाकणारेही आहेत. तो मऊ पडून वाकतो. गरम लाइनवर चढवलेले काळ्या फोमचे आवरणही उघड्यावर उन्हाने भुसभुशीत होते, त्यावर पत्रा किंवा टेप हवीच.

आर्किटेक्टच्या नकाशात टीव्ही कुठे टांगायचा ते असते. गरम पाण्याची लाइन मात्र गवंडी आणि प्लंबर टाइल्स आल्या त्या दिवशी भिंतीपाशी उभे राहून ठरवतात. बिल्डरने फ्लॅटच्या किल्लीबरोबर नळांच्या नकाशाचा एक कागद द्यावा आणि आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकणाऱ्या पोरांकडून तो नकाशा रेखाटून घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे.

चवथीपूर्वी गृहप्रवेश करायचा म्हणून सध्या बऱ्याच घरांत घाई चालली आहे. त्यांनी निदान टाइल्स लावण्याआधी लाइन पाण्याने भरून रात्रभर तशीच ठेवावी आणि चर बुजवण्यापूर्वी भिंतीचे फोटो काढून घ्यावेत. प्लंबर नको म्हणाला तरी.

– एक प्लंबर, म्हापसा